लाकडी रेल्वे डब्याची कारागिरी: सागवान, सफेदा आणि तीन बिजागऱ्या

प्रश्न असा आहे: जुन्या लाकडी रेल्वे डब्यांत कारागिरी नेमकी कशात होती, कारखान्यांत ती कशी घडली, पोलाद आल्यावर तिचं काय झालं, आणि संग्रहालयात असा डबा समोर आला तर काय बघावं?

सोनेरी रेषा, कोरीव पट्ट्या आणि मखमली गाद्या यांकडे नजर आधी जाते, पण त्यातलं बरंचसं काम चांगल्या फर्निचरवाल्यालाही जमलं असतं. डबा बांधणाऱ्या सुताराचं कसब हालचालीच्या हिशेबात होतं. लाकूड हवेतल्या ओलाव्याने फुगतं आणि आटतं. उतारू भरले की डबा मधोमध खाली वाकतो, वळणावर पिळवटतो. पावसाचं पाणी मिळेल त्या फटीतून आत उतरतं. हे सगळं वर्षानुवर्षं रोज होणार, हे गृहीत धरून प्रत्येक जोड बसवावा लागे.

सुरुवात घोडागाड्या बांधणाऱ्यांपासून झाली. १८३० साली लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली तेव्हा पहिल्या वर्गाचा डबा म्हणजे एका चौकटीवर शेजारी शेजारी बसवलेल्या तीन घोडागाड्याच होत्या. तो बांधणारे नॅथॅनिएल वर्सडेल हेही मूळचे त्याच धंद्यातले. १८४२ चा राणी ॲडलेडचा डबा अजून जपलेला आहे. त्याची कुडी लंडनच्या घोडागाडीवाल्यांनी बांधली आणि खालची चौकट रेल्वेने. कामाची ही वाटणी पुढे शंभर वर्षं टिकली: खाली लोहार-फिटरांची अंडरफ्रेम, वर सुतारांची बॉडी, आणि दोघांच्या मध्ये फेल्टच्या किंवा रबराच्या गाद्या, म्हणजे चाकांचा खडखडाट थेट वर पोहोचू नये. डब्याची बाजू खाली आत वळते, तो बाकही घोडागाडीतूनच आला. त्याचा त्रास कुठे होतो ते बिजागऱ्यांपाशी सांगतो.

वाहतूक वाढली तशी बाहेरच्या गाडीवाल्यांकडून डबे घेणं परवडेना, म्हणून रेल्वे कंपन्यांनी स्वतःचे कारखाने उभारले. इंग्लंडमधलं वोल्व्हर्टन १८३८ चं. पुढे ते निव्वळ डब्यांचं झालं. स्विंडन, डर्बी, डॉनकास्टर यांची नावंही याच मालिकेतली. एकाच आवारात लाकूड कापणारी गिरणी, लोहारशाळा, बॉडी शॉप, रंगशाळा आणि गाद्यांचं शॉप आलं, आणि एका घोडागाडीवाल्याच्या हातातलं काम पाच-सहा धंद्यांत वाटलं गेलं. बॉडी बांधणारा सुतार वेगळा, आतलं सुबक काम करणारा वेगळा. उमेदवारी पाच ते सात वर्षांची आणि हत्यारं ज्याची त्याची. शिवणकाम आणि फ्रेंच पॉलिश या कामांवर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बायकाही आल्या.

आता लाकूड. एका डब्यात चार-पाच जाती सहज लागत आणि प्रत्येकीची जागा ठरलेली असे. तळच्या तुळया ओकच्या, बॉडीची चौकट सागवानाची किंवा ओकची, छताच्या वाकवलेल्या कमानी ॲशच्या, बाहेरचे पातळ पत्रे महॉगनीचे, छताच्या फळ्या पाइनच्या. सागवानाला इतका मान मिळण्याचं कारण दिसण्यापेक्षा त्याचं तेल. त्या तेलामुळे पाणी मुरत नाही, आणि लोखंडी बोल्ट घातला तरी तो आतून खात नाही. ओकमध्ये टॅनिक आम्ल असतं. ओल्या ओकमध्ये लोखंडी स्क्रू राहिला की भोवती निळा-काळा डाग पडतो, स्क्रू झिजतो, भोक मोठं होतं आणि जोड हलू लागतो. सागवानाचे तोटेही आहेत. त्यात सिलिका असल्याने रंध्याची धार भराभर जाते, आणि तेच तेल पहिल्या व्हार्निशला नीट धरू देत नाही.

बॉडीचं लाकूड उघड्या हवेत रचून वाळवत. ढोबळ नियम असा की इंचभर जाडीला एक वर्ष. थरांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालायच्या आणि त्या वरपासून खालपर्यंत एकाच उभ्या रेषेत ठेवायच्या, नाहीतर फळी तिथेच वाकून वाळते आणि मग सरळ होत नाही. आतल्या कामाचं लाकूड आणखी कोरडं लागतं. वाफेने गरम होणाऱ्या डब्यात बाहेरच्या हवेत वाळलेलं लाकूड अजून आटतं, आणि पहिल्या हिवाळ्यातच चौकटींचे कोपरे उघडतात.

बांधणीची सुरुवात कागदी नकाशावरून होत नसे. डब्याच्या बाजूचं पूर्ण मापाचं रेखाटन लांब फळीवर करत. प्रत्येक खांब, दार आणि खिडकीची पट्टी यांची जागा त्या फळीवर टाचलेली असे. पुढचं प्रत्येक लाकूड तिच्याशी लावून खुणा घेत. फूटपट्टीने दर वेळी नव्याने मोजलं तर अर्ध्या मिलिमीटरची चूक बारा खांबांत साचून दार बसेनासं होतं. फळीवरून खूण उचलली की चूक झालीच तर एकाच खांबापुरती राहते. एकाच नमुन्याचे वीस डबे एकसारखे निघत, ते या फळीमुळे.

मग तळची चौकट जुळवायची, खांब उभे करायचे, कमरेच्या उंचीवर आडवी पट्टी आणि माथ्यावर लांब तुळई. जोड खाच आणि कुसाचे. बाहेरच्या चौकटीत या जोडांना सरस लावत नसत; दाट सफेदा, म्हणजे शिशापासून केलेला पांढरा रंग, फासून कूस (खाचेत बसणारं टोक) ठोकत. सरस जनावरांच्या कातड्याचा. ओल लागली की तो सुटतो, आणि सुटल्यावर त्याच फटीत पाणी साठतं. सफेद्याचा लेप लाकडाबरोबर थोडा हलतो आणि पाणी अडवतो. सरस आतल्या कामाला. तो पाण्याच्या भांड्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात साठ-पासष्ट अंशांवर ठेवायचा. उकळला की ताकद जाते, आणि थंड लाकडावर लावला तर जोड दाबायच्या आत गोठतो. असा जोड बाहेरून नीट दिसतो आणि गाडी धावायला लागल्यावर सुटतो.

छताच्या कमानी वाफेवर वाकवत. इंचभर जाडीला तासभर वाफ, आणि लाकूड पेटीतून काढल्यावर मिनिटाभरात साच्यावर. बाहेरच्या अंगाला पोलादी पट्टी लावायची. लाकूड दाबाखाली बरंच आकसू शकतं, पण ताणलं तर लगेच फुटतं. पट्टी ताण स्वतःवर घेते. साचा हव्या त्या बाकापेक्षा जरा जास्त वाकडा करावा लागतो, कारण सोडल्यावर कमान थोडी मागे येते. भट्टीत कडक वाळवलेलं लाकूड यासाठी घेतलं तर ते मोडतं. वाकवायला थोडा ओलावा शिल्लक असलेलंच लाकूड लागतं.

छताच्या फळ्यांवर दाट सफेद्याचा थर आणि त्यावर कॅनव्हास ताणून, वर पुन्हा सफेद्याचे हात. काही महिन्यांत ते पांढरं छत काळं पडे. त्यात इंजिनाच्या काजळीचा वाटा होताच, पण धुरातल्या गंधकाने सफेद्यातलं शिसंही काळवंडे. कॅनव्हास कडेला पन्हाळीच्या पट्टीखाली दुमडलेला असतो. छत गळतं ते बहुतेक वेळा तिथूनच. पाणी माथ्याच्या तुळईत शिरतं आणि खांबातून खाली उतरतं, म्हणून डाग दिसतो एकीकडे आणि गळती असते दुसरीकडे.

बाहेरचे महॉगनीचे पत्रे साधारण एक सेंटिमीटर जाडीचे. सहाशे मिलिमीटर रुंदीचा पत्रा कोरड्या आणि दमट ऋतूंत मिळून तीन-चार मिलिमीटर सहज हलतो. तो चारी बाजूंनी घट्ट स्क्रूने बांधला की मधोमध फुटणारच. म्हणून कडा मोकळ्या ठेवून त्यांवर अर्धगोल पट्टी बसवत. पत्रा पट्टीखाली सरकतो, फट दिसत नाही. जुन्या डब्यांच्या बाजूंवरची ती सुंदर पट्ट्यांची जाळी मुळात हे सांधे झाकण्यासाठी आली. पत्र्याच्या पाठीमागे सरसात भिजवलेल्या कॅनव्हासच्या पट्ट्या चिकटवत, म्हणजे बारीक चीर पडलीच तरी ती लांबत नाही.

आता बिजागऱ्या. डब्याची बाजू खाली आत वळते, पण दार फिरायचं तर तिन्ही बिजागऱ्यांच्या खिळ्यांचा अक्ष एकाच ओळंब्यात हवा. म्हणून सगळ्यात खालची बिजागरी सर्वांत जास्त बाहेर येते, मधली कमी, वरची जवळजवळ सपाट. तिन्ही सारख्या लावल्या तर दार पहिल्या काही अंशांतच अडकतं किंवा बिजागरी स्क्रूसकट उपटते. दाराभोवतीची फटही मोजून ठेवावी लागते. रंगाचे पंधरा-वीस हात दाराच्या कडेवर आणि चौकटीवर, दोन्हीकडे चढतात. सुताराने कोऱ्या लाकडात दार अगदी नेमकं बसवलं, तर रंगशाळेतून ते घट्ट होऊन येतं.

दाराची खिडकी चामड्याच्या पट्ट्याने वर-खाली होत असे. काच खाली गेली की दाराच्या पोकळीत पाऊसही जातो. तळाला निचऱ्याची भोकं असतात, ती धूळ आणि रंगाने बुजतात, आणि दाराची खालची पट्टी आतून कुजते. बाहेरचा रंग अखंड असतानाच हे घडतं, त्यामुळे डोळ्यांना पत्ता लागत नाही.

याहून गमतीचं एक लक्षण आहे: दारं उघडायला जड जाऊ लागली तर रंधा घेऊन दाराकडे धावायचं नाही, आधी डब्याखाली वाकून बघायचं. लांब अंडरफ्रेमखाली ताणाच्या सळ्या असतात, खाली उतरलेल्या दोन आधारांवरून गेलेल्या, मधोमध टर्नबकल, म्हणजे फिरवून सळी आवळायचा पेच. चौकट रिकामी असताना मध्ये किंचित वर उचललेली ठेवतात, म्हणजे बॉडी आणि उतारू चढल्यावर ती सरळ होते. सळ्या सैल पडल्या की मध्य खाली येतो, दारांच्या चौकटी चौरसाच्या तिरक्या होतात आणि दारं कोपऱ्यात घासतात. टर्नबकल आवळून, बाजूला दोरी ताणून रेषा तपासली की बऱ्याच वेळा दारं आपोआप मोकळी होतात. न बघता दार तासलं, तर सळ्या आवळल्यावर त्याच दाराला बोटभर फट राहते.

चाकांतही लाकूड होतं, हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. रिचर्ड मॅन्सेल यांनी १८४८ साली पेटंट घेतलेल्या चाकात लोखंडी तुंबा (मधला भाग) आणि पोलादी धाव (रुळावर फिरणारी बाहेरची पट्टी) यांच्यामध्ये सागवानाचे सोळा पाचरीसारखे तुकडे दाबून बसवलेले असत, आणि धावेला दोन्ही अंगांनी कड्यांनी पकडलेलं असे. आवाज कमी, धक्का कमी. त्याची खरी किंमत २४ डिसेंबर १८७४ ला कळली. ऑक्सफर्डजवळ शिप्टन इथे एका जुन्या डब्याच्या चाकाची रिव्हेटने बसवलेली धाव तुटून निखळली, गाडी घसरली आणि ३४ माणसं गेली. मॅन्सेलच्या चाकात धाव तडकली तरी कडी तिला सोडत नाहीत. त्या अपघातानंतर ही चाकं झपाट्याने पसरली.

रंगशाळेत डबा कित्येक आठवडे राही. क्रम साधारण असा: सफेदा, जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन यांच्या अस्तराचे एक-दोन हात, खिळ्यांची भोकं आणि खाचा लांबीने (पुट्टीने) भरणं, मग दाट भरणाचे चार-पाच हात. ते वाळले की वर पातळ, वेगळ्या रंगाचा एक हात फिरवत. तो फक्त वाट दाखवायला. प्युमिसच्या दगडाने पाणी घालत घासायला लागलं की उंच भागावरून हा रंग निघतो आणि खोलगट जागी राहतो. तो सगळीकडून गेला म्हणजे पृष्ठभाग सपाट झाला, असा सरळ हिशेब. त्यानंतर खालचा आधाराचा रंग, त्यावर मुख्य रंग, सोनेरी वर्ख आणि रेषा, आणि शेवटी व्हार्निशचे तीन-चार हात, प्रत्येकानंतर वाळायला दिवस.

मिडलंड रेल्वेचा प्रसिद्ध गडद तांबडा रंग पारदर्शक होता, आणि महागही. तो एकट्याने झाकत नाही. खाली अपारदर्शक तपकिरी-तांबडा हात देऊन वर हा चढवायचा, तेव्हा ती खोली येते. आज एकाच हातात तोच रंग काढायचा प्रयत्न केला की सपाट विटकरी दिसतो.

रंगात चुका तीन. पहिली, खालचा हात तेलकट आणि वरचा कडक: खालचा हलतो, वरचा हलत नाही, आणि वर्षभरात मगरीच्या कातडीसारख्या भेगा पडतात. नियम असा की वर जाल तसा प्रत्येक हात जास्त लवचिक हवा. दुसरी, दमट हवेत व्हार्निश: वर दुधासारखी झाक येते. तिसरी, धूळ. व्हार्निशच्या खोलीत जमीन ओली ठेवत आणि येणं-जाणं बंद करत. सफेद्याचा आरोग्यावरचा परिणाम वेगळाच. शिसं पोटात जाऊन रंगाऱ्यांना पोटशूळ आणि मनगट लुळं पडण्याचा त्रास होई. कोरडं घासणं सर्वांत वाईट. पाणी घालून घासण्याने निदान धूळ उडत नसे.

डॉनकास्टरच्या डब्यांवर रंग नव्हताच. सागवान उघडं ठेवून व्हार्निश करत. वाचताना हे सोपं वाटतं, पण रंगाखाली लपवायची सोय नसल्याने प्रत्येक पत्र्याचा रेषांचा मेळ बघून लाकूड निवडावं लागे. पुढे त्याच परंपरेतल्या एलएनईआर या रेल्वे कंपनीने पोलादी पत्र्याचे डबे काढले तेव्हा रंगाऱ्यांनी कंगवे आणि ब्रश घेऊन पत्र्यावर सागवानाच्या रेषा रंगवल्या. हे काम कसबाचं, पण माझ्या मते थोडं हास्यास्पदही.

गाद्यांबद्दल थोडक्यात. स्प्रिंगा सुतळीने आठ दिशांनी बांधायच्या, वर गोणपाट, त्यावर पिंजलेले घोड्याचे केस, कडा टाके घालून ताठ करायची, कापड, आणि शेवटी मोकेट, म्हणजे लव असलेलं जाड कापड. केस नीट पिंजलेले नसले की गाठी बसतात. मोकेटची लव एकाच दिशेला हवी, नाहीतर शेजारच्या दोन जागा दोन रंगांच्या वाटतात.

लाकडाचा शेवट आगीने केला, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. डब्याखाली दिव्यांसाठी दाबलेल्या गॅसच्या टाक्या आणि वर तेल-व्हार्निश मुरलेलं लाकूड. २२ मे १९१५ ला स्कॉटलंडमध्ये क्विंटिन्सहिल इथे सैनिकांची गाडी धडकून पेटली आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. अमेरिकेत त्याआधीच, १९०४ ला सुरू झालेल्या न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेसाठी पूर्ण पोलादी डबे बनले होते, कारण बोगद्यातल्या आगीचा धोका तिथे सर्वांना दिसत होता. पुढे भारतात १९५५ साली पेरांबूरला सुरू झालेल्या कारखान्याने स्विस तंत्राने सगळा वेल्ड केलेला डबा काढला. त्यात बॉडी आणि अंडरफ्रेम वेगळ्या नाहीत; भिंत, छत आणि तळ मिळून एकच नळी ताण घेते. सुतार आणि फिटर यांच्यातली शंभर वर्षांची सीमारेषा तिथे संपली.

पण सुताराची जागा त्याआधीच बदलू लागली होती. पहिल्या महायुद्धानंतर डर्बीत आर. डब्ल्यू. रीड यांनी जिग आणि गेज (ठरलेले साचे आणि मापं) लावून सुटे भाग इतके नेमके कापून घेतले की जुळवताना तासायची गरज उरू नये. लाकडीच डबा, पण ‘बसवून बघ, तास, पुन्हा बसव’ हे काम गेलं. त्यामुळे कसब पोलादाने मारलं असं कोणी म्हटलं की मला ते अर्धवट वाटतं. अचूक यंत्रकापणीने ते आधी बांधणीतून काढून दुरुस्तीत ढकललं. जुन्या डब्यातले कोणतेच दोन कोपरे सारखे झिजत नाहीत, त्यामुळे दुरुस्तीला शेवटपर्यंत फळीवरून खूण उचलणारा माणूस लागला.

पोलादी डब्याचे स्वतःचे रोग आहेत. लाकडी चौकटीवर पोलादी पत्रा लावलेल्या मधल्या पिढीत आतल्या बाजूला दव साचतं आणि पत्रा स्क्रूंभोवती मागून गंजतो. नंतर ब्रिटनमध्ये १९५०च्या दशकापासून पोलादी भिंतींच्या आतून निळं ॲस्बेस्टॉस फवारलं गेलं. त्याची किंमत कारखान्यांतल्या कामगारांनी दशकांनंतर फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाने मोजली; स्विंडनमध्ये त्या रोगाला गावाचंच नाव पडलं.

आता शेवटचा भाग: डबा समोर आला तर काय बघाल? बाजूला उभं राहून कमरेच्या पट्टीवरून एका डोळ्याने नजर लावा. रेषा मध्ये खाली झुकली असेल तर सळ्या सैल आहेत किंवा तळची तुळई गेली आहे. मग दाराच्या खालच्या कोपऱ्यावर बोटाच्या पेराने हलकं ठोका. भरीव आवाज आला तर लाकूड जिवंत, बसका आला तर पट्टी कुजलेली. पन्हाळीखाली खांबांच्या डोक्याशी रंगाला फोड आहे का ते बघा. पत्र्यांवरच्या पट्ट्यांचे कोपरे पंचेचाळीस अंशांत जुळलेले असावेत. भेगा लांबीने भरलेल्या दिसल्या तर दुरुस्ती घाईतली समजा. जुना रंग मात्र नखाने किंवा कागदाने कोरडा खरवडू नका, त्यात जवळजवळ नक्कीच शिसं आहे. आणि १९५०-६०च्या दशकातल्या पोलादी डब्याची आतली तक्तपोशी ॲस्बेस्टॉसची तपासणी झाल्याशिवाय कोणालाही उघडू देऊ नका.